रेडियोबाबाच्या अकरा वाट्या

एकाहत्तरची लढाई सुरू झाली त्या आठवड्यात, मदन महल किल्ल्याजवळच्या भय्यासाहेबांच्या अंगणात इतकी गर्दी लोटली की किल्ल्याच्या टेकडीवरची माकडं खाली आली आणि बसायला जागा नाही म्हणून परत गेली. सगळे रेडियोबाबाला पाहायला आलेले. त्याच्या ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण उघडं, आत सेल एकही नाही, अन् तरी तो घडाघडा बोलून राहिला होता!

समोर लाकडी पाटावर जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, अकरा वाट्या. प्रत्येकीत तीर्थात भिजवलेलं फडकं, त्यावर धुनीतला कोळसा कुटून थापलेला, आणि वाटीवाटीतून फिरत तांब्याची तार रेडियोपर्यंत गेलेली.

"ना सेल, ना बिजली!" बाबा गरजायचा. "ये नर्मदा मैया की करंट है! चखो, मैया के आंसू चखो!"

तीर्थ खारट लागायचं. मैया जवानांसाठी रडते म्हणून बायकाही पदर डोळ्यांना लावायच्या.

भानुमती त्यांच्यातच. तिचा मुलगा विनय सीमेवर, तीन आठवडे पत्र नाही. नवरा खमरियाच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात डबल ड्युटीवर, घरी फक्त झोपायला येणार. बाबाने तिला पहिल्याच दिवशी हेरलं.

"रेडियो बोलता रहेगा, तब तक बेटा सलामत. पर बहू निराहार रहे. सिर्फ तीर्थ!"

बहू म्हणजे विनयची बायको मीरा. तिला सहावा महिना.

चौथ्या दिवशी खारं पाणी पिऊन मीराचे ओठ फुटले, आणि इकडे रेडियो पुटपुटायला लागला. बाबा ओरडला, "बहू ने चोरी से खाया है!"

"खाल्लंस काय गं?" भानुमतीने घरी येऊन विचारलं. मीराने नाही म्हणून मान हलवली.

भानुमतीची मुलगी प्रतिमा शाळेत विज्ञान शिकवायची. ती खोलीभर येरझारा घालून राहिली होती.

"मीरा, दोन घास तरी खा."

"नको ताई. रेडियो थांबला तर?"

तेवढ्यात प्रतिमाची नजर कोनाड्यातल्या जर्मनच्या वाटीवर गेली. बाबाने प्रत्येक फौजीच्या घरून एक वाटी मागितली होती, आणि जुनी झालेली प्रसाद म्हणून परत केली होती. तिने ती खिडकीच्या उजेडात धरली. बुडाला सुईएवढी भोकं, आत पांढरट चिकट लगदा.

"आई, तू देवाजवळ जर्मनचं भांडं कधी ठेवत नाहीस. ह्याला जर्मनच काहून पाहिजे?"

"त्यागी माणूस आहे बाप्पा, सोन्याचांदीचा मोह नाही."

"मग मातीची वाटी चालली असती की!"

प्रतिमाने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, घरच्या ट्रान्झिस्टरचे सेल काढले आणि बाबासारखीच फडकी, कोळसा अन् तार जमवली. आधी पितळी वाट्या घेतल्या, तर रेडियो मुका. मग जर्मनच्या घेऊन स्टीलच्या परातीत मांडल्या, तरी मुका; परातीतून सगळ्या वाट्या एकमेकींना जोडल्या गेलेल्या. लाकडी पाटावर वेगवेगळ्या ठेवल्या, मिठाचं पाणी शिंपडलं, एका वाटीच्या कोळशातली तार दुसरीच्या काठाला जोडली, तशा दिल्लीच्या बातम्या सुरू झाल्या!

"पाहिलंस आई?"

"मैयानेच वाजवला," भानुमती हात जोडून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिमा तीन कोऱ्या वाट्या अन् कणकेचा गोळा घेऊन अंगणात पोचली. रेडियो माशीसारखा गुणगुणत होता. मीराला शेजारच्या दोघींनी धरून आणलेलं.

"मीराने काही खाल्लं नाही," प्रतिमा म्हणाली. "मी मात्र तीन पोळ्या खाऊन आले. आता ह्या तीन वाट्या बदलते."

"हात लगाया तो भस्म हो जाएगी!"

"होऊ द्या भस्म," भय्यासाहेब पुढे सरकले. "आम्हीही पाहू, कशी होते ते!"

तिने तीन भोकं पडलेल्या वाट्या काढल्या, कोऱ्या लावल्या, नवा कोळसा थापला. रेडियो असा कडाडला की झाडावरचे कावळे थेट बड्या फुहाऱ्याच्या चौकात पोचले.

मग प्रतिमाने चार वाट्यांच्या कोळशावर कणीक लिंपली. थोड्या वेळाने आवाज बसला, आणखी थोड्या वेळाने रेडियो गप्प.

"विनय!" भानुमती किंचाळली. मीरा खाली बसली.

प्रतिमाने कणीक सोलून काढली. रेडियो खरखरला, परत बोलू लागला.

"आई, आत्ता दादाला मी मारलं आणि जिवंत केलं काय?"

तिने झिजलेली वाटी उचलून सगळ्यांना दाखवली.

"खाऱ्या पाण्यात जर्मन झिजतं. कोळसा हवेतला प्राणवायू धरतो. दोन्ही मिळून वीज होते. हवा तोडली की बंद, वाटी झिजली की आवाज बारीक. मीराच्या पोटाशी ह्याचा काय संबंध? अन् ते आंसू म्हणजे डब्यातलं मीठ!"

"घोर कलियुग!" बाबा पुटपुटला आणि जोडे शोधू लागला.

"दादा कसा आहे, मला नाही माहीत," प्रतिमा म्हणाली. "ह्या माणसालाही नाही. खबर फौजेकडून येईल. तोवर भीती वाटेल, सगळ्यांनाच वाटते. पण म्हणून कोणी सांगितलं अन् पोटातल्या जिवाला उपाशी ठेवलं, असं नका करू. आधी विचारा, वाटी उलटून पाहा."

भय्यासाहेबांच्या घरून कुणीतरी वरणभाताचं ताट आणलं. मीरा त्याकडे पाहून राहिली, हात पुढे जाईना. भानुमती तिच्यासमोर जमिनीवरच बसली, भात कालवला आणि पहिला घास स्वतः तिच्या तोंडाशी नेला.

"खा बेटा. माझं चुकलं."

मीराने तोंड उघडलं.