विमानानंदांची देवलिपी

अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी तीनशे माणसं चपला काढून एका संगणकासमोर बसली होती. संगणकाला हार होता. पडद्याला मधोमध कुंकू लावलं होतं, त्यामुळे पडद्यावरचं विमान दर वेळी कुंकवातून पार व्हायचं.

"भक्तहो," श्री विमानानंद महाराज डोळे मिटून म्हणाले, "मी सेमाडोहला कधी गेलो नाही. पण समाधीत मला अख्खा मेळघाट दिसला, वळणांसकट! तो या सिद्ध फाईलीत उतरवला आहे. फाईल कुणी उघडून पाहू नये. उघडली की शक्ती उडून जाते."

विमान परतवाड्यावरून निघालं आणि घाट ओलांडून सेमाडोहवर आलं. लोक उभे राहून हात जोडू लागले. मीही उभा राहिलो. पुढचे उठल्यावर बसून काही दिसत नव्हतं.

आमच्याकडे संगणकावर विमान उडवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. विमानाखाली दिसणाऱ्या मुलखासाठी गावोगावचे सभासद फोटो आणि मोजमापं पाठवतात, ती इंटरनेटवरच्या खुल्या भांडारात जमा होतात. कुणीही घ्यावीत, सुधारावीत, फक्त देणाऱ्यांची नावं पुसू नयेत. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या दीपमालाबाईंनी तीन वर्षं खपून त्यातूनच मेळघाट उभा करून भांडारातच ठेवला होता. आता महाराजांचा आदेश होता, 'ते भांडार पुसा, यापुढे सिद्ध फाईलच चालेल.' मंडळाचे अध्यक्ष खुशालराव महाराजांच्या पायाशी लॅपटॉप घेऊन बसले होते, बोट पुसायच्या बटणावर.

"खुशालराव, चाळीस जणांची मेहनत आहे ती!" दीपमालाबाई म्हणाल्या.

"बाई, ते माणसाचं काम, हे देवाचं. कशाची बरोबरी कशाशी करून राहिल्या तुमी?"

तेवढ्यात विमान अगदी खाली आलं, पडद्यावर एक चहाचं दुकान दिसलं आणि गर्दीतून आवाज आला, "थांबा! हे तं माह्यं दुकान होय!"

सेमाडोहचे पुंजाजी खास एस.टी.ने आले होते. टाळ्या पडल्या. महाराज प्रसन्न हसले.

"पण पाटी उलटी कावून?"

टाळ्या थांबल्या. पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होती.

"ती देवलिपी," महाराज म्हणाले. "देव वरून वाचतात."

"वरून वाचलं म्हून अक्षर पलटते काय, महाराज? मी रोज पंख्याखाली पेपर वाचतो. पंख्याले इचारू काय?"

दीपमालाबाई हसल्या. "पुंजाजीभाऊ, तुम्ही मला दुकानाचा फोटो कसा पाठवला होता?"

"सेल्फी काढून. मी पुढं, दुकान मागं."

"तुमच्या फोनने सेल्फी उलटी टिपली आणि मी पाटी तशीच चिकटवली. चूक नंतर कळली, म्हणून भांडारात तशी नोंद करून ठेवली. आता मला सांगा महाराज, समाधीत तुम्हाला नेमकी माझीच चूक कशी दिसली? समाधीतही सेल्फी कॅमेरा असतो का?"

"फाईल उघडू नका!" महाराज ओरडले.

बाईंनी ती उघडली. तिला कुलूपसुद्धा नव्हतं. भीती होती तेवढीच. आत बाईंचीच झाडं, बाईंचीच वळणं, आणि बाईंचीच नोंद: 'पाटी उलटी आहे, दुरुस्त करणे.' चाळीस नावं तेवढी गेली होती. त्यांच्या जागी एकच होतं, श्री लावून.

विमान उडतच राहिलं. शक्ती काही उडाली नाही. महाराज उडाले, मागच्या दाराने.

खुशालरावांनी बटणावरचं बोट उचललं आणि त्याचं काय करावं न सुचून कान खाजवला. "बाई, चुकलंच माह्यं."

"चुका होतात, अध्यक्ष. पुसू नका, दुरुस्त करू."

सोमवारी परतवाड्याच्या अलीझाने, जिला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, भांडार उघडून पाटी सुलटी केली. पाच मिनिटांचं काम. सिद्ध फाईलीत ती जन्मभर उलटीच राहिली असती, कारण तिथे उघडायलाच बंदी.

तेव्हा चमत्कार जरूर पाहा. फुकट असेल तर पुढे बसून पाहा. फक्त कुणी 'उघडू नका' म्हणालं, की पुंजाजींसारखं 'कावून?' विचारा. एवढा एक शब्द वऱ्हाडात सगळ्यांना येतो.