चुन्याच्या फक्कीची बोट

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू सहसा उसासे टाकतात. मी टाकणार नाही. मी रागावलेला आहे, आणि कशासाठी ते सांगितल्याशिवाय गप्प बसणार नाही.

माझ्या जातीचा तांब्या तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला नसेल. मी पितळेचा. पोट गोल, गळा अरुंद, वर उचलायला कडी. तोंडाला आटे पाडलेले, त्यावर झाकण फिरवून घट्ट बसवायचं. झाकण उलटं केलं की पेला. बार्शीच्या एका तांबटानं मला घडवलं. आटे नीट जुळेपर्यंत त्यानं मला तीनदा भट्टीजवळ नेलं आणि शेवटी पाणी भरून उलटं धरलं. थेंब गळला नाही, तेव्हा त्यानं मला दुकानात मांडलं. मंद्रूपच्या धोंडप्पांनी मला लेकीच्या लग्नासाठी विकत घेतलं. मंद्रूप ते सोलापूर काही लांब नाही, पण बापाला लेकीची वाट लांबच वाटते.

त्या लेकीचं नाव रुद्राणी. तिचे सासरे चनबसप्पा यांचं भवानी पेठेत सुताचं दुकान. दुकानामागे घर, घरामागे परस, परसात एक कडुनिंब. मी तिच्याबरोबर त्या घरात आलो आणि खूप राबलो. एसटीत राबलो, दवाखान्यात राबलो, तिच्या तिन्ही बाळंतपणांत उशाशी राबलो. बहात्तरच्या दुष्काळात नळ तीन-तीन दिवस कोरडा असायचा. तेव्हा थोरली कस्तुरी तान्ही होती आणि माझ्यातलं उकळलेलं पाणी फक्त तिच्यासाठी असायचं. सासूबाई चंद्रव्वा शेजारणींना सांगायच्या, "पोरीच्या माहेरचा तांब्या लई इमानी हाय."

मग धाकटा दीर तिप्पण्णा एकदा मुंबईला जाऊन आला आणि त्यानं लाल प्लॅस्टिकची वॉटरबॅग आणली. तिला पट्टा होता, नळी होती, वर हत्तीचं चित्र होतं. झालं. मी खिडकीच्या वरच्या फळीवर गेलो आणि काळा पडू लागलो. गरज सरो, वैद्य मरो. पण माझा खरा राग हा नाही. एवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात पणजीहून मायाक्काचं पत्र आलं. मायाक्का ही चनबसप्पांची लेक, नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे राहायची. तिनं लिहिलं होतं, "आप्पा, तुमची साठी इकडेच करू. मुंबईहून बोटीनं या. लेकरांना समुद्र दिसेल." चनबसप्पांनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं आणि टोपी सारखी करून म्हणाले, "समदं घर बोटीनं जाणार."

रुद्राणी तेव्हा शिवूला भरवत होती. शिवू नऊ महिन्यांचा, मल्लू अडीच वर्षांचा, कस्तुरी चार वर्षांची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिचा सगळा प्रवास म्हणजे सोलापूर-मंद्रूप आणि मंद्रूप-सोलापूर. तिनं समुद्र पाहिला नव्हता. त्या दिवशी तिनं भाकरी थापताना गाणं म्हटलं. मी फळीवरून ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात बेत सुरू झाले. चनबसप्पांनी वहीत यादी केली. तिप्पण्णा एकदाच मुंबईला गेलेला, तोही रेल्वेनं, पण बोटीबद्दल तो असं बोलायचा की जणू त्याचा जन्म खलाशांच्या म्होरक्याच्या, तांडेलाच्या घरी झाला होता. रुद्राणीचा नवरा रेवणसिद्ध पान चघळत दोघांच्या म्हणण्याला मान हलवायचा. यादीत पत्ते होते, पंखा होता, चनबसप्पांची तक्क्याची उशी होती. शिवूचं नाव होतं, पण त्याला काय काय लागेल ते नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे काय, ते मी त्या चार दिवसांत पाहिलं.

खरा बेत दुसरीकडेच चालला होता. दुपारी घर झोपलं की रुद्राणी उठायची. तिनं जुन्या लुगड्याचे चोवीस लंगोट फाडून, धुऊन, घड्या करून ठेवले. नाचणी भाजून दळून डब्यात भरली. मल्लूला गाडी लागते म्हणून आवळ्याची सुपारी केली. आणि जुन्या खाटेची नवार कापून तिनं एक पट्टा शिवला. एक टोक आपल्या कमरेला, दुसरं शिवूच्या. बोटीच्या कठड्याच्या फटीतून रांगतं पोर जाऊ शकतं, हे त्या घरात फक्त तिला सुचलं होतं. तिनं नवऱ्याला पट्टा दाखवला. तो म्हणाला, "गाईचं दावं हाय का काय हे?"

तिनं मलाही खाली काढलं होतं. चनबसप्पांनी पाहिलं आणि म्हणाले, "जड हाय ते. वॉटरबॅग हाय की." मी पुन्हा वर.

एका रविवारी सकाळी तिप्पण्णानं नवी माहिती आणली. बोटीच्या डेकवर जागेला नंबर नसतो म्हणे. जो आधी सतरंजी पसरील त्याची ती जागा, आणि रात्रभर तेवढ्यातच राहायचं. चनबसप्पा विचारात पडले. ते हिशेबी माणूस. आधी तालीम, मग काम, हा त्यांचा खाक्या. त्यांनी दोन सतरंज्या परसात पसरल्या, दुकानातला गज आणून मापं घेतली आणि भोवती चुन्याची फक्की ओढली.

"ही आपली बोट," ते म्हणाले. "रेषेपलीकडं समुद्र. दोन तास बसायचं. जो रेष ओलांडील तो बुडाला."

मित्रांनो, ही तालीम मी खिडकीच्या फळीवरून पूर्ण पाहिली आहे. कुणी तुम्हाला वेगळं सांगितलं तर मानू नका.

सगळे बोटीत बसले. पाच मिनिटं झाली नाहीत तोच चनबसप्पा म्हणाले, "सूनबाई, च्या आण." रुद्राणी उठली, रेष ओलांडून स्वयंपाकघरात गेली. चहा आणला. रेवणसिद्धला पानाचा डबा हवा होता. ती गेली. चंद्रव्वांना पाठीला उशी हवी होती. ती गेली. पत्ते, पंखा आणि सुपारीसाठी तीन खेपा झाल्या. शेवटी तिप्पण्णाच्या चहात साखर कमी होती. ती गेली. मी मोजलं, ती सात वेळा त्या समुद्रात उतरली आणि सात वेळा वर आली. तिचं बुडणं कुणी धरलंच नाही.

ती सातव्यांदा आत असताना शिवू रांगत निघाला. बोटीत चार मोठी माणसं होती. पत्त्यांचा डाव रंगला होता. शिवू रेषेवर आला, त्यानं फक्की बोटानं चाखली आणि पलीकडे गेला. त्याच्यामागे मल्लू कोंबडीच्या पाठी पळाला. कस्तुरी भावाला धरायला धावली. म्हणजे तिन्ही लेकरं पाण्यात.

"बुडाली," चनबसप्पांनी पत्ते खाली ठेवले. "तिन्ही बुडाली."

रुद्राणी वाटीत साखर घेऊन दारात उभी होती.

"वयनीला लेकरं आवरत न्हाईत," तिप्पण्णा म्हणाला.

चनबसप्पांनी थोडा विचार केला. ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर माझा राग सोपा झाला असता. ते म्हणाले, "सूनबाई, तू लेकरं घेऊन हितंच राहा. आमी चौघं जाऊन येतो. लेकरं मोठी झाली की तुला नेऊ." चंद्रव्वांनी होकार दिला. रुद्राणीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं पान तोंडात घातलं. पान तोंडात असलं की बोलावं लागत नाही.

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. मला तळपाय नाहीत. माझी बुडापासून फिरकीपर्यंत गेली. चौघांनी मिळून एक रांगतं पोर सोडलं, आणि बोल कुणाला लागला, तर त्यांच्यासाठी साखर आणायला गेलेल्या बाईला. मला हात असते तर मी त्या फळीवरून स्वतःला तिप्पण्णाच्या डोक्यावर ढकललं असतं.

रुद्राणी रडली नाही. तिनं साखर चहात घातली, कप धुतले, लेकरांना जेवू घातलं. मग मला खाली काढलं आणि चिंच लावून घासू लागली. तिनं मला इतकं घासलं की माझी कातडी निघते की काय असं वाटलं. तिचाही राग कुठेतरी निघायला हवा होता. माझ्यावर निघाला, याचं मला वाईट वाटलं नाही.

जेवणं झाल्यावर ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, येत्या रविवारी आनि एकदा तालीम घ्या. लेकरं बुडली तर मी हितंच राहते."

"आनि न्हाय बुडली तर?"

"जो बुडंल तो राहील. नेम तुमचाच हाय."

चनबसप्पांना नेमाचा अभिमान. ते म्हणाले, "बरं."

पुढच्या रविवारी पुन्हा सतरंज्या, पुन्हा फक्की. रुद्राणी सगळ्यात आधी जाऊन बसली. तिच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला शिवू. एका बाजूला लंगोटांचं गाठोडं आणि नाचणीचा डबा, दुसऱ्या बाजूला मी, भरलेला. मल्लूला तिनं चिंचोके दिले आणि कस्तुरीला सांगितलं, "कोण बुडतंय ते तू बघ."

पाच मिनिटं झाली.

"सूनबाई, च्या आण," चनबसप्पा म्हणाले.

"मामा, भोवती समुद्र हाय," रुद्राणी म्हणाली. "च्या कुटनं आणू?"

चनबसप्पांनी फक्कीच्या रेषेकडे पाहिलं, जणू ती त्यांना पहिल्यांदाच दिसली होती.

अर्ध्या तासात रेवणसिद्धचा चुना संपला. तो सवयीनं उठला आणि घराकडे चालू लागला. "बाबा बुडाले," कस्तुरी म्हणाली. तो तिथंच एक पाय आत, एक पाय बाहेर असा उभा राहिला. तिप्पण्णा हसला. मग त्याला तहान लागली. वॉटरबॅगची नळी चोखून तो थकला, कारण ती भरायची असते हे कुणाच्या यादीत नव्हतं. तो नळाकडे गेला. "काका बुडाला." तासाभरानं चुलीवर दूध उतू जाण्याचा वास आला आणि चंद्रव्वा पदर सावरत धावल्या. कस्तुरीनं आजीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि हळूच म्हणाली, "अज्जी पण."

कडुनिंबाची सावली सरकली. सोलापूरचं ऊन सतरंजीवर आलं. चनबसप्पा तेवढे बसून राहिले. नेम त्यांचा होता, उठणार कसे? त्यांचे ओठ सुकले होते. रुद्राणीनं माझी फिरकी काढली, पेल्यात पाणी ओतलं. आधी शिवूला दिलं, मग मल्लूला, मग कस्तुरीला. मग पेला काठोकाठ भरून सासऱ्यांच्या पुढं धरला. ते सगळं पाणी एका दमात प्याले.

दोन तास झाले. तिन्ही लेकरं बोटीत होती.

चनबसप्पांनी वही मागितली आणि पेन्सिलीनं दोन्ही लेकांची नावं खोडली. चंद्रव्वांच्या नावावर त्यांची पेन्सिल थांबली.

"अत्तींचं धरू नका, मामा," रुद्राणी म्हणाली. "त्या दुधासाठी उठल्या. घरासाठी उठणारीला बुडाली म्हणायचं झालं, तर मागच्या रविवारी मी सात वेळा मेली."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चंद्रव्वा दारात दुधाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

रेवणसिद्ध जवळ आला. "आनि मी?" त्यानं विचारलं. त्याच्या तोंडात पान नव्हतं.

रुद्राणीनं कमरेचा पट्टा सोडला आणि नवऱ्याच्या कमरेला बांधला. दुसऱ्या टोकाला शिवू होताच. मल्लूला तिनं त्याच्या मांडीवर बसवलं, मला त्याच्या हाताशी ठेवलं.

"दोन तास बसून दाखवा," ती म्हणाली. मग ती रेष ओलांडून कडुनिंबाखाली जाऊन बसली आणि सासूनं पुढं केलेला दुधाचा पेला दोन्ही हातांत धरून सावकाश प्याली.

रेवणसिद्ध बसला. कसा बसला ते सांगत नाही, त्या दोन तासांत त्याला सहा लंगोट बदलायला लागले. आम्ही मे महिन्यात पणजीच्या बोटीनं गेलो. तिप्पण्णा दुकान सांभाळायला राहिला. रुद्राणीनं कठड्याला धरून समुद्र पाहिला, मनसोक्त, आणि तेवढा वेळ शिवू बापाला बांधलेला होता.

मग माझा राग अजून का आहे? सांगतो. त्या घरात आजही पाहुणे आले की ही गोष्ट निघते. सगळे हसतात आणि शेवटी म्हणतात, "चनबसप्पांची कमाल, तान्ह्या लेकरांसकट घर बोटीनं नेलं." रुद्राणी तेव्हा स्वयंपाकघरात असते. पाहुण्यांसाठी चहा करत असते.

मित्रांनो, मला घासा किंवा घासू नका. पितळ आहे, काळं पडलं तरी गळत नाही. पण आज जेवायला बसाल तेव्हा एक करा. ताटावरून कोण किती वेळा उठतं, ते मोजा. आणि ती पुन्हा उठायला लागली, तर तिला खाली बसवा आणि तुम्ही उठा.