एकाचा नऊ

यादवराव भोईटे लंडनच्या हाउन्सलोत राहायला आले त्याला तेहतीस वर्षं झाली होती, पण आकडे ते अजून इस्लामपूरच्या शाळेतलेच लिहीत. इंग्रजीत बोलत, इंग्रजीत भांडत, कौन्सिलला खरमरीत पत्रंही इंग्रजीतच धाडत. मात्र घाईघाईनं आकडा टाकायची वेळ आली, की बोटं आपोआप मराठीकडे वळत. आणि स्पीडवेच्या मैदानावर घाईशिवाय दुसरं काही नसतंच.

चार मोटारसायकली, दोन्ही संघांच्या दोन-दोन, ब्रेक एकीलाही नाही, लालसर बारीक खडीच्या लंबगोल ट्रॅकवर चार फेऱ्या. एका मिनिटात सगळा खेळ आटोपतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला भोपळा. अशा पंधरा शर्यतींची एक मॅच. दारात छापील प्रोग्रॅम विकत घ्यायचा आणि प्रत्येक शर्यतीनंतर त्यातल्या चौकटी स्वतःच्या पेनानं भरायच्या, ही तिथली जुनी रीत. उडालेली खडी अंगावरून झटकेपर्यंत दुसरी शर्यत सुरू होते, त्यामुळे ज्याचं पेन अडलं तो मागे पडलाच म्हणून समजा.

हा नाद त्यांना केननं लावला. बसच्या गॅरेजमध्ये दोघंही फिटर. सत्त्याहत्तर साली एका शुक्रवारी केन त्यांना धरून बार्टन लेनच्या स्टेडियमवर घेऊन गेला आणि तिसऱ्या वळणाच्या कठड्याला नेऊन उभं केलं. तेव्हापासून ती जागा दोघांची. केनच्या हातात स्टॉपवॉच, यादवरावांच्या हातात पेन. तिसऱ्याच आठवड्यात केननं त्यांच्या खांद्यावरून प्रोग्रॅममध्ये डोकावलं आणि तो ओरडला, "नऊ? एका शर्यतीत नऊ गुण? याडा, कुठल्या जगात?"

"नऊ नाही रे, एक आहे तो. आमचा एक."

केननं कागद डोळ्यांजवळ नेला. तीन त्याला तीनच दिसत होता, दोनही दोनच. शून्याची तर काही अडचणच नव्हती. "मग एकट्या एकानंच काय घोडं मारलं होतं?" असं तो पुटपुटला, पण महिन्याभरात सगळे आकडे शिकला. मोठ्यानं म्हणायलाही लागला, तेही यादवराव घाईत म्हणत तसं, इस्लामपुरी, "येक". त्याच्या जोडीला 'गाढव' हा शब्द त्यानं रेफ्रीसाठी उचलला. इतक्या वर्षांत केनचं मराठी त्यापुढे गेलं नाही आणि त्याला जास्तीची गरजही पडली नाही.

पुढे मात्र खेळाला उतरती कळा लागली. पूर्वी बार्टन लेनचा कप्तान आठवडाभर खिडक्या बसवायचा. यादवरावांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यानंच बसवलेली, आणि बायकोनं, शैलानं, त्याला पोहे खाऊ घातलेले. आता रायडर दुपारच्या विमानानं पोलंडहून येत, संध्याकाळी इथं गाडी हाकत आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच देशात दुसऱ्याच संघाचा अंगरखा घालत. आपला कोणी जखमी झाला की त्याच्या जागी पाहुणा. आणि पाहुणा म्हणजे गेल्याच आठवड्यात ज्यानं आपल्याला धूळ चारली तोच! टाळी वाजवायची तरी कोणासाठी? लोकांनी आधी टाळ्या कमी केल्या, मग येणंच बंद केलं.

त्यात तो दुप्पट गुणांचा नियम आला. एखादा संघ फार मागे पडला, की त्याच्या एका रायडरनं काळं-पांढरं हेल्मेट घालायचं. त्या शर्यतीत त्याला मिळतील त्याच्या दुप्पट गुण द्यायचे. २००४ च्या मे महिन्यात केननं हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. त्यानं स्टॉपवॉच खिशात टाकलं.

"जिंकल्याचे सहा? का? मागे पडल्याबद्दल बक्षीस?"

"नियम आहे म्हणतात," यादवराव म्हणाले.

"मग नियमालाच बसू दे बघत. मी परत इथं पाय ठेवणार नाही, याडा. तुला तोंडावर सांगतोय."

सहा शर्यती बाकी असताना केन निघून गेला. यादवरावांना वाटलं, दोन आठवड्यांत राग उतरेल. दोन वर्षं झाली तरी उतरला नाही.

आता खरं सांगायचं तर तो नियम यादवरावांनाही पटलेला नव्हता. पण तिसऱ्या वळणावर एकट्यानं उभं राहणं त्यांना त्याहून कमी पटत होतं. केनला परत त्या कठड्याशी आणून उभा करायचाच, या हट्टाला ते पेटले. उपाय त्यांनी साधाच शोधला. शुक्रवारी मॅच झाली, की शनिवारी सकाळी बस पकडून फेल्टमला जायचं आणि भरलेला प्रोग्रॅम केनच्या दारातल्या लेटरबॉक्समध्ये टाकायचा. पाऊस असो, गुडघा दुखो, एकही शनिवार चुकला नाही. घरी कोपऱ्यातल्या फाइलमध्ये ठेवायला एकही प्रोग्रॅम उरला नाही, तरी ते मागे हटले नाहीत.

"अहो, तो माणूस ते कागद रद्दीत घालत असेल," शैला म्हणायची.

"घालू दे. रद्दीत घालायला तरी उचलेलच ना?"

केन कधी कधी दार उघडायचा, चहा द्यायचा, बागेतल्या टोमॅटोंबद्दल बोलायचा. स्पीडवेचा शब्दही काढायचा नाही. एकदा यादवरावांनीच काढला, तर म्हणाला, "तू मॅच बघायला जात नाहीस, याडा. तुझी सवय तुला तिथं नेते. तू सोडून तिथं कोणी मोजतं तरी का?"

हे यादवरावांच्या जिव्हारी लागलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी पुष्कळ उत्तरं जुळवली आणि एकही खरं वाटेना. तरी पुढच्या शनिवारी ते गेलेच.

आणि मग २००६ चा ऑगस्ट आला. प्रोग्रॅमच्या पहिल्याच पानावर मालकानं लिहिलं होतं, की प्रेक्षक असेच आटत राहिले तर पुढच्या वर्षी बार्टन लेनवर शर्यती होतील याची खात्री नाही. यादवरावांनी ते दोनदा वाचलं. म्हणजे केनला आणायला आता सगळ्या मिळून चार-पाच मॅच उरल्या होत्या.

पंचवीस तारखेचा शुक्रवार. गुण दाखवणारा विजेचा फलक तीन आठवड्यांपासून बंद होता, आणि बेरीज ठेवणाऱ्या बाई रजेवर. माईकवर बोलणारा डेरिक, चाळिशीतला, या वर्षीच आलेला. आठव्या शर्यतीत पाहुण्या संघानं काळं-पांढरं हेल्मेट बाहेर काढलं आणि पहिला-दुसरा दोन्ही नंबर मारून एका फटक्यात, सहा आणि दोन, असे आठ गुण नेले. तिथं डेरिकच्या डोक्यातली बेरीज कोलमडली. दहाव्या शर्यतीनंतर मध्यंतर झालं, तसा तो धावतच तिसऱ्या वळणावर आला.

"मिस्टर यादव, तुम्ही सगळं लिहिता ना? तुमचा प्रोग्रॅम पाच मिनिटं द्या ना, प्लीज."

तेहतीस वर्षांत या देशात कोणी यादवरावांचं अक्षर आपणहून मागितलं नव्हतं. त्यांनी प्रोग्रॅम दोन्ही हातांनी दिला, शर्ट नीट खोचला आणि कान देऊन उभे राहिले. बार्टन लेन ३१, पाहुणे ३२. एकाच गुणानं मागे होतो, काही बिघडलं नव्हतं.

भोंगा खरखरला. "लेडीज अँड जेंटलमेन, दहा शर्यतींनंतर, बार्टन लेन थर्टी-नाइन, पाहुणे थर्टी-टू!"

यादवरावांना आधी कळेचना. मग कळलं, आणि कानशिलं तापली. दोन वर्षं आकडे वाचणारा शेजारी नव्हता, त्यामुळे आपला एक दुसऱ्याला नऊ दिसतो हेच ते विसरून गेले होते! हसायची गोष्ट होती. ते हसणारही होते. पण त्याआधी त्यांना गलका ऐकायचा होता. जुन्या दिवसांत एका गुणाची चूक झाली तर हजार गळे ओरडायचे, बाया छत्र्या आपटायच्या. इथं तर चक्क आठ गुण जास्त झाले होते. त्यांनी वाट पाहिली.

दोन-चार टाळ्या पडल्या. कोणीतरी चिप्सवर व्हिनेगर शिंपडलं. शेजारच्या गृहस्थाच्या प्रोग्रॅममधल्या चौकटी सहाव्या शर्यतीपासून कोऱ्या होत्या. त्यानं खिशातून पेन काढून मुकाट्यानं ३९ लिहिलं.

"अहो, पण हे चुकलंय," यादवराव त्याला इंग्रजीत म्हणाले. "सातनं पुढे कसे असू आपण?"

तो खांदे उडवत म्हणाला, "डबल पॉइंट्स असतील."

यादवरावांनी आजूबाजूला पाहिलं. केन बरोबर बोलत होता. इथं कोणी मोजत नव्हतं. घरी जावं, फेल्टमची बस बंद करावी, शुक्रवारी शैलाबरोबर टीव्ही बघावा, असं त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. मग त्यांना स्वतःचाच राग आला. त्या कागदावर आपला एक होता आणि चूक आपलीच होती. कोणी ओरडो न ओरडो, तो एक सोडवून आणणं आपलंच काम. त्यांनी गुडघा झटकला आणि माईकच्या खोलीकडे तरातरा चालायला लागले.

पंधरा पावलंही गेले नसतील. समोरच्या बाजूनं, पहिल्या वळणावरच्या चिप्सच्या गाडीमागून, एक फाटका आवाज अख्खं मैदान ओलांडून आला.

"येऽऽक! येक, येक! गाढव!"

यादवराव जागीच थबकले. हाउन्सलोत, ईलिंगमध्ये, अख्ख्या लंडनमध्ये मराठी बोलणारे हजारोंनी असतील. पण असा एक म्हणणारा माणूस एकच होता. डोळे भरून आले आणि समोरचं काही धड दिसेना, तरी ते गुडघ्याचं भान न ठेवता आवाजाच्या दिशेनं जवळजवळ धावत गेले.

गाडीमागे केन उभा होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, गळा लाल झालेला, हातात गुंडाळलेला प्रोग्रॅम.

"कधीपासून?" यादवरावांनी धापा टाकत विचारलं.

"एप्रिलपासून."

"एप्रिल! आणि मी दर शनिवारी तुझ्या दारात..."

"हो, घरी गेल्यावर माझ्याशी ताडून बघायचो. मे महिन्यात दोन चुका केल्यास."

"अरे, मग तिकडे आला का नाहीस?"

केननं टोपी काढली, परत घातली. "तुला तोंडावर सांगितलं होतं, परत येणार नाही म्हणून. मग काय तोंड घेऊन येऊ?" मग हातातला प्रोग्रॅम उलटसुलट करत म्हणाला, "तुझे ते कागद येत राहिले. घरी बसवेना."

यादवरावांनी त्याच्या हातातला प्रोग्रॅम ओढून घेतला. सगळ्या चौकटी भरलेल्या, आणि सगळे आकडे मराठी. वाकडेतिकडे, शेपट्या भलत्याच बाजूला गेलेल्या, पण मराठी. मग नजर खालच्या बेरजेवर गेली.

"एकतीस-एकोणतीस? आपण पुढे? पाहुण्यांचे तीन गुण कुठे गेले?"

"आठव्या शर्यतीतले. ते दुप्पट मी देत नाही."

"नियम आहे, केन!"

"नियम गाढव आहे."

तेवढ्यात भोंगा पुन्हा खरखरला. चौकटींत एकेका शर्यतीला नऊ गुण पाहून डेरिकला चूक उमगली होती. त्यानं ओशाळून माफी मागितली, थर्टी-नाइन नव्हे, थर्टी-वन. या वेळी मात्र स्टँडमध्ये थोडी खसखस पिकली. कठड्याशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांचे प्रोग्रॅम मागून घेतले आणि खरी बेरीज काय यावरून त्यांची जुंपली. यादवरावांनी डेरिककडून आपला प्रोग्रॅम परत आणला, केनच्या दंडाला धरलं आणि सुटून जाईल या भीतीनं तिसऱ्या वळणापर्यंत सोडलंच नाही. केननं खिशातून स्टॉपवॉच काढलं. किल्ली दिलेलीच होती.

उरलेल्या पाच शर्यती दोघं घसा फुटेस्तोवर भांडले. शेवटच्या शर्यतीत आपल्या रायडरनं अखेरच्या वळणावर आतून गाडी घातली, तेव्हा यादवरावांनी केनच्या पाठीत असा धपाटा मारला की स्टॉपवॉच थांबवायचं राहूनच गेलं. शेवटी नियमाप्रमाणे बार्टन लेन ४६, पाहुणे ४७. एका गुणानं हरलो. केनच्या हिशेबानं ४६-४४, म्हणजे जिंकलो. ही तक्रार बसस्टॉपपर्यंत चालली आणि केनची बस आली म्हणून अर्धवट राहिली. पुढच्या शुक्रवारचं विचारायचं यादवरावांना धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फेल्टमला जायला म्हणून बूट चढवत होते, तर त्यांच्याच दारातला लेटरबॉक्स खाडकन वाजला. शैलानं कागद उचलून आणला.

"अहो, हे काय? तुमचाच प्रोग्रॅम परत आला वाटतं. पण अक्षर किती घाण!"

तो केनचा प्रोग्रॅम होता. त्यात त्यानं आपली ४६-४४ ची बेरीज लाल पेनानं दोनदा अधोरेखित केली होती. त्याखाली इंग्रजीत चार शब्द, 'शुक्रवार, सप्टेंबर, तिसरं वळण', आणि पहिल्या दोन शब्दांच्या मध्ये एक वाकडातिकडा आकडा. शैलानं चष्मा लावून तो न्याहाळला.

"नऊ सप्टेंबर? नऊला तर शनिवार येतो."

यादवरावांनी पायातला बूट काढून ठेवला. आज फेल्टमला जायचं कारण उरलं नव्हतं.

"नऊ नाही गं," ते म्हणाले. "एक आहे तो."