राहून गेलेला ‘पण’

“‘बरोबर आहे.’ एवढंच लिहिलंय?” रौशानने विचारलं.

“एवढंच.”

“मग मिटलं की भांडण. चौदा वर्षांनी का होईना, माणूस कबूल झाला. तुझं तोंड कशाला उतरलंय?”

तुलेगेनने दूध घातलेल्या चहाचा पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. खिडकीबाहेर बल्खाशचं सरोवर अजून गोठलेलंच होतं. कडेच्या बर्फावर मासे धरणारे लोक छोट्या पेट्या घेऊन बसले होते. तो म्हणाला, “तो कधी बरोबर आहे म्हणत नाही. मी आज रविवार म्हटलं तरी तो कॅलेंडर बघून येईल. त्याने हे लिहिलं आणि त्यानंतर चाळीस दिवस एक अक्षर नाही.”

रौशान पडद्याला दुमड घालत होती. सुई न थांबवता ती म्हणाली, “माझी ही सवत मला एकदा बघायचीच होती. माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलतोस आणि तिला चार-चार पानं लिहितोस.”

त्यात खोटं काही नव्हतं. तुलेगेन बावन्न वर्षांचा होता आणि गेली सत्तावीस वर्षं शहराच्या दवाखान्यात क्ष-किरणांचे फोटो काढत होता. ‘हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास धरा, सोडा’, एवढ्या शब्दांत त्याचा दिवस जाई. बाकीचे सगळे शब्द तो एका फोरमवर खर्च करी. संगणकावरचे भूमिका घेऊन खेळायचे खेळ, म्हणजे आपण एक माणूस व्हायचं, सोबती जमवायचे, मुलूख पालथा घालायचा आणि शंभर तासांनी कुठेतरी पोचायचं, अशा खेळांच्या वेड्यांचा तो फोरम. तिथे त्याचं नाव ‘क्षकिरण’ होतं आणि त्याच्या मताला वजन होतं.

त्याचं सगळ्यात ठाम मत ‘राखेचा मुलूख’ या जुन्या खेळाबद्दल होतं. मूळ खेळ बरा, सोबती जरा बडबडे. कंपनीने त्याला पुढे दोन पुरवण्या जोडल्या. पहिली ‘खालचं शहर’: जमिनीखाली नऊ मजले, नकाशा नाही, कुठे जायचं ते कोणी सांगत नाही, प्रत्येक मजल्यावर काहीतरी मागे सोडल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. तुलेगेनच्या मते याला पुरवणी म्हणतात. ती संपवल्यावर मूळ खेळही नव्याने खेळावासा वाटतो. दुसरी पुरवणी ‘नावाड्यांचं गाव’. तिच्यात एक नदी, एक गाव, मोडकी घरं दुरुस्त करायची, लोकांना पैलतीरी न्यायचं. पहिले अकरा तास शत्रू नाही. नाव गोगलगाईसारखी. आणि धक्क्यावर बसलेली एक बाई, जी दर वेळी परत आलं की विचारते, “जेवलास का?” हे वाक्य त्या पुरवणीत साठ वेळा येतं. तुलेगेनने मोजलं होतं.

‘सावकाश’ या नावाने लिहिणाऱ्या एका माणसाला मात्र ही दुसरी पुरवणीच खरी वाटायची. चौदा वर्षं दोघं हेच भांडत होते. सुरुवातीच्याच काळात सावकाशने चक्क टपालाने त्या पुरवणीची तबकडी पाठवली होती. सोबत चिठ्ठी, ‘आधी नीट खेळ, मग बोल.’ तुलेगेन नीट खेळला आणि आणखी मोठ्याने बोलला.

मग जानेवारीच्या शेवटी, एका कंटाळलेल्या संध्याकाळी त्याने लिहिलं, ‘नावाड्यांचं गाव आवडतं कोणाला? ज्यांची घरी कोणी वाट बघत नाही त्यांना. मग पडद्यावरच्या बाईने जेवलास का विचारलं तरी डोळे भरून येतात.’

त्यावर सावकाशचं उत्तर आलं, ‘बरोबर आहे.’

पहिले काही दिवस तुलेगेनला विजय झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात चुकल्या-चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या आठवड्यात तो सावकाशचे जुने मजकूर चाळायला बसला आणि चार वर्षांपूर्वीच्या एका मजकुरापाशी थांबला. नदीबद्दल लिहिता लिहिता सावकाशने मध्येच लिहिलं होतं, ‘नीना गेल्यापासून मी ही नदी तीनदा पार केली. आधी ती शेजारी बसून मला वाट सांगायची.’ त्याच्याखालीच तुलेगेनचं स्वतःचं उत्तर होतं. तीन परिच्छेद. सगळे नावेच्या वेगाबद्दल. नीनाबद्दल एक शब्द नाही.

तेव्हापासून त्याचं कामातलं लक्ष उडालं. गेल्या मंगळवारी एका धिप्पाड वेल्डरला त्याने ‘श्वास धरा’ सांगितलं, बटण दाबलं आणि काचेआड तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळाने आतून घुसमटलेला आवाज आला, “डॉक्टर, सोडला तर चालेल का?”

आता हे सगळं त्याने रौशानला पहिल्यांदाच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, दोरा दाताने तोडला.

“पत्ता आहे ना त्याचा?”

“तबकडीच्या पाकिटावर आहे. शाख्तिन्स्क, कारागांडाच्या पुढचं कोळशाच्या खाणींचं गाव. ओस्तापचुक, लेव पावलोविच.”

“मग शनिवारी जा.”

“आणि जाऊन काय सांगू?”

“ते तू वाटेत ठरव. सहा तास आहेत कारागांडापर्यंत. घरात बसून भिंतींचे फोटो काढतोयस, त्यापेक्षा बरं.” ती उठली आणि आतून धुरी दिलेल्या माशांचं पुडकं घेऊन आली. “हे ने. रिकाम्या हाताने जायचं नाही.”

“तो असला तर.”

“नसला तर त्याच्या शेजाऱ्यांना दे,” रौशान म्हणाली, पण या वेळी तिचा आवाज मऊ होता.

शनिवारी पहाटेच्या बसने तो निघाला. माळरानावर मार्चचा मळका बर्फ, मधूनच घोड्यांचा कळप, मधूनच एखादा बंद पडलेला पेट्रोलपंप. सहा तासांत त्याला सांगण्याजोगं एकही वाक्य सुचलं नाही. कारागांडाला त्याने बस बदलून छोटी गाडी पकडली आणि दुपारी शाख्तिन्स्कला उतरला.

पाकिटावरचं घर पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. घंटी वाजली, दार उघडलं नाही. त्याने पुन्हा वाजवली, मग मुठीने ठोकलं. समोरचं दार उघडून एका म्हातारीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“दवाखान्यातून आलात का?”

तुलेगेन तिच्याकडे वळला. तो दवाखान्यातला होता हे खरं होतं, म्हणून त्याने मान हलवली, मग नकारार्थी हलवली. “लेव पावलोविच... त्यांना काय झालं?”

“त्याला काय धाड भरलीय? अंगाला औषधाचा वास येतोय तुमच्या, म्हणून विचारलं. तो घरी नसतो हल्ली. वाचनालयात जाऊन बसतो सकाळपासून. काय लिहितो देव जाणे. आम्हाला वाटतं, मृत्युपत्र. पण एवढं लांबलचक लिहायला त्याच्याकडे आहे काय?”

तुलेगेन जिन्याच्या पायरीवर मटकन बसला.  म्हातारीने आतून पाणी आणून दिलं, ते पिऊन त्याने माशांच्या पुडक्यातले दोन मासे काढून तिच्या हातात ठेवले. तिने काही न विचारता ते घेतले.

वाचनालय दोन चौक पुढे होतं. आत गरम पाण्याच्या नळांची ऊब आणि जुन्या कागदांचा वास. खिडकीजवळच्या टेबलाशी एक उंच, हाडकुळा माणूस शाळकरी वहीत वाकून लिहीत होता. चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. शेजारी तशाच चार वह्यांची चवड. तुलेगेन टेबलासमोर उभा राहिला. 

“नदी,” तो शेवटी म्हणाला, “फार संथ आहे.”

त्या माणसाने पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं.

“क्षकिरण,” तो म्हणाला. “तुझं लिखाण वाचून मला तू बारीक असशील असं वाटलं होतं.”

टेबलामागच्या ग्रंथपाल बाईंनी दोघांना गप्प बसायची खूण केली. तुलेगेनला हसू फुटलं आणि ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. शेवटी लेव पावलोविचने वह्या गोळा केल्या, टोपी घातली आणि त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी चहा झाला, मासे सोलले गेले, आणि मग एकेक उलगडत गेलं.

“मी लिहिलं, बरोबर आहे,” लेव पावलोविच सांगू लागला. “लिहून पाठवलं. पुढे लिहिणार होतो, ‘पण’. आणि त्या ‘पण’च्या पुढे बरंच होतं. मला सावकाश लिहायची सवय, एकेक तुकडा पाठवतो, तुला माहितीये. तेवढ्यात इमारतीतल्या विजेचा दाब एकदम वाढला. दिवे ढणाढणा पेटले, आणि संगणकातून धूर. दुरुस्तीवाला म्हणतो, भाग कारागांडाहून यायचाय. महिना झाला, येतोच आहे.”

“फोनवरून तरी लिहायचं.”

त्याने खिशातून बटणांचा जुना फोन काढून दाखवला. “यावरून तुला उत्तर लिहायचं म्हणजे मला पुढच्या वर्षापर्यंत जगावं लागलं असतं. म्हणून वहीत लिहायला घेतलं. इथे घरात हात चालत नाही. फार शांत असतं. वाचनालयात निदान त्या बाई खाकरतात.”

तुलेगेनने वरची वही उघडली. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, सुरेख तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘पण.’ पुढे पानंच्या पानं.

“मला वाटलं,” तुलेगेन म्हणाला आणि थांबला. “मी ते वाक्य लिहायला नको होतं. घरी वाट बघणाऱ्याचं. मला माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत होतं. तुम्ही चार वर्षांपूर्वी लिहिलं होतंत. मी वाचलं नाही.”

“वाचलंस. नावेच्या वेगावर तीन परिच्छेद लिहिलेस.”

“हो.”

“लागलं मला,” लेव पावलोविच म्हणाला. “लागलं नाही असं कशाला म्हणू? दोन दिवस जेवणावर वासना नव्हती. आणि तू एकदम तुम्ही-तुम्ही काय करतोस? चौदा वर्षं अरे-तुरे केलंस, आता माझे केस बघून मर्यादा सुचली?”

“मला माफ कर.”

“ते इथे नको मागू. लिहिलंस तिथेच माग. लोक वाचतात.”

तुलेगेनने मान डोलावली. लेव पावलोविचने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.

“मी खाणीत काय करायचो, तुला मी कधी सांगितलं नाही. पाळणा चालवायचो. वर, इंजिनघरात बसून. पाळी सुरू झाली की माणसं खाली सोडायची, पाळी संपली की वर आणायची. तीस वर्षं. आणि तुझं ते खालचं शहर. नऊ मजले खाली उतरायला अठरा तास लागतात. सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण नवव्या मजल्यानंतर काय होतं?”

“पडदा काळा होतो. मग आपण खानावळीत असतो.”

“तेच. वर येणं ज्याने लिहिलंच नाही, तो कधी खाली गेलेला नाही. वर यायलाही तेवढाच वेळ लागतो रे. पाळण्याच्या तारेवर हात नसला तरी मला कळायचं, आत किती माणसं आहेत. खाली जाताना ती बोलायची. वर येताना कोणी बोलत नसे. आणि घरी गेल्यावर नीना विचारायची ते काही फार मोठं वाक्य नव्हतं. साठदा मोजलंस तू. मी तर मोजलंच नाही कधी.”

  खालचं शहर तुलेगेनने अकरा वेळा संपवलं होतं आणि त्या काळ्या पडद्याबद्दल एकदाही काही वाटलं नव्हतं.

“हे बरोबर आहे,” तो म्हणाला. मग घाईने, “पण...”

“हां. आता कसं बोललास.”

मग जी जुंपली ती जेवणापर्यंत आणि जेवणानंतरही. सोबत्यांचे संवाद, शेवटच्या लढाईतला ढोबळपणा, पुरवणी वेगळी विकावी की मूळ खेळातच यावी, सगळं निघालं. समोरच्या म्हातारीने एकदा दार ठोठावून विचारलं, भांडण आहे का, पोलिसांना बोलावू का. तुलेगेनने रौशानला फोन केला. ‘आहे,’ एवढंच सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, “बरं झालं. आता उद्या येताना तुझं डोकं तिकडे विसरू नकोस,” आणि तिने फोन ठेवायच्या आधी सोडलेला सुस्कारा त्याला स्पष्ट ऐकू आला. रात्री तो स्वयंपाकघरातल्या कोचावर झोपला, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला लागलीच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेव पावलोविच त्याला गाडीपर्यंत सोडायला आला. पाचही वह्या त्याने वर्तमानपत्रात बांधून दिल्या होत्या. “समासात लिही जे लिहायचं ते. मजकुरावर खोडाखोड नको. वाचून परत पाठव.”

“नदी मात्र संथच आहे,” तुलेगेन गाडीत चढता चढता म्हणाला.

“संथ आहे कारण,” लेव पावलोविच दाराला हात लावून बोलू लागला, “एक, तुला काठ बघायचा असतो. दोन, नावेत बसलेली माणसं बोलायला लागतात, पण तू थांबलास तरच. आणि तीन...”

चालकाने दार ओढून घेतलं. तुलेगेन खिडकीशी बसला. काच चिखलाने माखली होती. त्याने बाहीने पुसली तरी बाहेरचं अर्धंच दिसत होतं. थांब्यावर, वितळत्या बर्फात, कानांवरच्या पट्ट्या सुटलेली टोपी घातलेला तो उंच माणूस उभा होता. निरोपाचा हात हलवत नव्हता. तीन बोटं वर धरून तो अजून बोलतच होता.