तेवीस फरारी

"तुम्ही कधी लढाई पाहिलीत का हो?" असं कुणी विचारलं, तर श्यामकांत टिल्लू म्हणत, "पाहिली की. बसच्या खिडकीतून फोर्ट विल्यमची भिंत पाहिलीय." राहायला कोलकात्यात, बागबाजारात. मराठ्यांच्या धास्तीने एके काळी इथे खंदक खणला होता, आणि या मराठ्याला आता ऑटोवालासुद्धा दाद देत नाही. असा हा वीर निवृत्तीनंतर अकरा वर्षं अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा, त्यातल्या एका स्वयंसेवक पायदळ पलटणीचा इतिहास लिहीत बसला होता. का, तर पलटणीची हजेरीपत्रकं इंटरनेटवर सापडली म्हणून. उभी हयात सरकारी खात्यात लोकांच्या रजा तपासण्यात गेलेली. हजेरीपत्रक दिसलं की हात शिवशिवायचेच.

पुस्तकातलं लाडकं प्रकरण 'तेवीस फरारी'. रविवारी मराठी मंडळात तेच वाचायचं ठरलं होतं. फरारींची यादी तर त्यांनी हौसेने इंटरनेटवरही टाकली होती.

शुक्रवारी एका अमेरिकन बाईंचं पत्र आलं. यादीतला सातवा माणूस त्यांचा पणजोबा. गावात दरवर्षी सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लावतात. तुमची यादी वाचून यंदा त्याला वगळलं. तो खरंच पळाला होता का?

टिल्लूंनी मूळ पत्रक उघडलं. 'गैरहजर, आजारी' एवढंच होतं. फरारी आला कुठून? टिल्लूंच्या डोक्यातून. डॉक्टरचा दाखला जोडलेला नाही, म्हणजे आजार खोटा. तेवीसच्या तेवीस जणांना त्यांनी हाच न्याय लावला होता. तोफा धडधडत असताना सैनिकाने जणू तीन प्रतींत अर्ज द्यायचा.

"गाढव आहे मी," ते बायकोला म्हणाले.

"मग तसं कळवा त्यांना," शकुन म्हणाली.

"माझं प्रकरण जाईल ना."

"जाऊ दे."

पहिल्या मसुद्यात 'गैरसोयीबद्दल दिलगीर', दुसऱ्यात 'बाब विचाराधीन'. शकुनने दोन्ही खोडले. शेवटी एकच ओळ गेली: तुमचे पणजोबा आजारी होते, चूक माझी आहे.

रविवारी मंडळात चौदा माणसं, त्यातली निम्मी साबुदाणा वड्यांसाठी आलेली. टिल्लूंनी प्रकरण बाजूला ठेवलं आणि स्वतःच्याच अकलेचे वाभाडे काढले. लोक पोट धरून हसले. मग त्यांनी तेवीस नावं वाचली, प्रत्येकापुढे 'आजारी' म्हणत. त्यांना फार हलकं वाटलं.

वडे संपत आले तेव्हा मधुकर पेंढारकर जवळ आले. पूर्वी टिल्लूंच्याच हाताखाली कारकून होते. ते हसले नव्हते.

"साहेब, त्र्याण्णव साली तुम्ही माझे नऊ दिवस गैरहजर लावले होते. बायको तापाने फणफणली होती. दाखला आणायला घरातून हलता येत नव्हतं. त्यातच ती गेली."

टिल्लूंना काही म्हणजे काही आठवेना. परक्या देशातली तेवीस नावं मात्र तोंडपाठ होती. त्यांना फार लाज वाटली.

"आता कागद बदलायला नको," पेंढारकर म्हणाले. "तुम्ही तोंडाने म्हणा फक्त."

"पेंढारकर, तुम्ही खरं सांगत होतात. मी चुकलो."

पेंढारकरांनी मान हलवली आणि ते पाणी प्यायला गेले.