गाण्यात घेतलेलं नाव

ट्रक पहिल्यांदा आला तेव्हा योलिमा सातवीच्या वर्गाला भूगोल शिकवत होती. टपावर चार कर्णे बांधलेला तो ट्रक शाळेच्या फाटकापाशी हळू झाला आणि तिच्या वडिलांचा आवाज खिडकीतून आत आला.

रुबिएल फ्रागोसोंना जाऊन पाच महिने झाले होते. गाणं त्यांचंच होतं, नदीवरचं, जुनं, मुलांना तोंडपाठ असलेलं. पण दुसऱ्या कडव्यानंतर अकॉर्डियन एकटंच वाजू लागलं तेव्हा तो आवाज गाणं बाजूला ठेवून बोलला, "डॉक्टर एदिन्सोन पेर्तुस, शब्द पाळणारा माणूस!" आणि लगेच पुन्हा सुरात शिरला.

"सेन्यो, तुमचे पापा!" मुलांनी बाकं बडवली. बाईंना इथे सगळे सेन्योच म्हणतात.

योलिमा खडू तसाच हातात धरून ट्रक कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "पान त्रेचाळीस."

या किनाऱ्यावर वायेनातो, म्हणजे अकॉर्डियनवरची इथली लोकगीतं, गाणाऱ्यानं गाता गाता कुणाचं तरी नाव घ्यायचं, हा रिवाज. त्याला सलाम म्हणतात. सलाम मित्राला असतो, दाताच्या डॉक्टरला असतो, गुरांच्या व्यापाऱ्याला असतो आणि निवडणुकीच्या वर्षी उमेदवाराला असतो. तो फुकट मिळत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रुबिएलनी चाळीस वर्षं सलाम ठोकले, पण त्यांचा एक नियम होता. नाव घ्यायचं, गाव सांगायचं, संपलं. ना कुणी भाऊ, ना कुणी दिलदार. "नाव मी घेतलं, गुण त्याच्या बायकोला विचारा," असं ते म्हणायचे.

म्हणून योलिमाला संशय आला तो नावाचा नव्हे. 'शब्द पाळणारा माणूस' या तीन शब्दांचा. ते तिच्या वडिलांच्या तोंडचे नव्हतेच.

आणि ती तिथे होती की! शेवटचं रेकॉर्डिंग घरीच झालं होतं, पुढच्या खोलीत, खाटेशेजारी प्राणवायूचं नळकांडं ठेवून. वडिलांबरोबर तीस वर्षं अकॉर्डियन वाजवलेले लासिदेस माइक घेऊन आले होते. "आवाज आहे तोवर चार गाणी ठेवून देऊ," म्हणाले. पंखा तिनंच बंद केला, परसातल्या कोंबड्या तिनंच कोंडल्या. दाराआड उभी राहून तिनं ऐकलं होतं सगळं. पेर्तुसचं नाव आलं नव्हतं. त्या दिवसाची तिच्याकडे आणखी एक आठवण होती. आठवडाभर अन्नाला शिवले नव्हते ते वडील त्या दुपारी स्वतःहून म्हणाले होते, कलिंगडाचा रस मिळेल का ग, बर्फ घालून. ती धावत गेली होती. नऊ रात्रींच्या प्रार्थनेला आलेल्या प्रत्येकाला तिनं ते सांगितलं होतं. त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती शेवटची गोष्ट.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी त्याचीच चर्चा. गणिताचे सर म्हणाले, "गाणं ऐकून मत देतं का हल्ली कुणी? माझी आई द्यायची. गायक सांगेल त्याला मत आणि पाद्री सांगेल त्याला शिव्या. आता ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे."

"मग एवढे कर्णे बांधून डिझेल कशाला जाळतात?" योलिमानं विचारलं.

"सवय, सेन्यो. माझा मेहुणा अजून रेडिओला थापड मारून चालू करतो."

कोपऱ्यावर अंडं भरलेल्या मक्याच्या अरेपा तळणारी दिओनिसिया मात्र झारा थांबवून म्हणाली, "रुबिएल कुणाची स्तुती करायचे नाहीत ग. पेर्तुसनं दिलं तरी काय असेल त्यांना?"

"काही दिलेलं नाही," योलिमा म्हणाली. "आवाज त्यांचा नाही तो."

"असं होय," दिओनिसिया म्हणाली आणि अरेपा उलटली. पण तिची नजर योलिमाच्या पायातल्या नव्या सपातांवर जाऊन आली. दिवसभरात हाच प्रश्न योलिमाला आणखी तिघांनी विचारला. खरं का खोटं, हे कुणी विचारलं नाही. दिलं काय, एवढंच.

बुधवारी दुपारी मारित्सा ओन्याते आली, केळीच्या पानात गुंडाळलेला चीजचा गोळा घेऊन. नगराध्यक्षपदासाठी पेर्तुसच्या विरुद्ध तीच उभी होती.

"तुमच्या वडिलांच्या गाण्यावर मी माझ्या लग्नात नाचले, सेन्यो. नवरा टिकला नाही, गाणं टिकलं." ती झोपाळ्याच्या खुर्चीत बसली. "हल्ली कंप्युटरला दहा मिनिटं आवाज ऐकवला की मेलेला माणूस प्रचाराला उतरतो. लाजा नाहीत लोकांना."

"तुमच्या पोस्टरवरचा फुटबॉलपटू तरी जिवंत आहे."

मारित्सा खो खो हसली. "जिवंत आहे हो, पण उपयोग काय? अकरा मिनिटं थांबला. पोरांनी त्याच्याबरोबर फोटो काढले आणि संध्याकाळी पेर्तुसच्या टोप्या घालून हिंडली. त्याला इथे ओळखतात सगळे, पण तो कुणाला ओळखतो? तुमच्या पापांनी यांच्या बारशांना गायलंय, मयतांना गायलंय. ते कुणाला काही म्हणाले तर माणसं कान देतात." मग तिनं आवाज खाली आणला. "शुक्रवारी सकाळी सातला रेडिओवर या. एकच वाक्य बोला. हा आवाज माझ्या वडिलांचा नाही. बस. माझ्यासाठी नका बोलू, त्यांच्यासाठी बोला."

योलिमानं चीजच्या गोळ्याकडे पाहिलं. ही बाई वडिलांच्या मयताला आली नव्हती. लग्नातल्या नाचाचं खरं होतं की तेही ट्रकवर लावायचं गाणंच, कोण जाणे. पण वडिलांनी मागे घर ठेवलं नव्हतं, जमीन ठेवली नव्हती, होतं ते नाव. आणि ते चार कर्ण्यांवर बांधून कुणीतरी गावभर फिरवत होतं.

"येईन," ती म्हणाली. त्या वेळी ते तिला खरं वाटत होतं, म्हणून म्हणाली.

बोलायचंच, तर कुणी केलं तेही कळायला हवं. गुरुवारी शाळा सुटल्यावर ती लासिदेसकडे गेली. मागच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून त्यांनी स्टुडिओ केला होता. तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरलेला हा माणूस, तिचा पाद्रीनो. गेल्या तीन आठवड्यांत एकदाही तिच्या दारावरून गेला नव्हता. एरवी रोज जायचा.

"ये पोरी. तिन्तो घे." त्यांनी काळ्या कॉफीचा कप पुढे केला.

"पाद्रीनो, तो कंप्युटर कुठला?"

"कुठला कंप्युटर?"

"पापांना बोलायला लावणारा."

"अग, मला त्याच्यावर सिनेमा लावता येत नाही, आणि मी मेलेल्याला बोलता करीन?"

"मग कुणी केलं?"

लासिदेस कॉफीत साखर ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"पेर्तुसनं तुम्हाला काय दिलं?"

"मला?" ते एकदम वर बघून म्हणाले. "मला काही दिलं नाही."

'मला' या शब्दावर त्यांनी जो जोर दिला, तो योलिमाच्या ध्यानात आला. ती खुर्ची ओढून बसली. "त्या दिवशीचं सगळं लावा. गाण्याआधीचं, गाण्यानंतरचं. कापलेलं सुद्धा."

"ऐकू नकोस."

"का?"

"मी रुबिएलला शब्द दिलाय."

"या गावात सगळेच शब्द पाळायला लागलेत."

मग त्यांनी चष्मा लावला आणि फाइल शोधली.

आधी पंख्याची घरघर ऐकू आली आणि मग थांबली. तिचा स्वतःचा आवाज आला, "आता ठीक आहे?" नळकांड्याचा फुसफुस आवाज. गाणं, अर्ध्यावर खोकला, पुन्हा गाणं. मग वडील म्हणाले, "योलिमा, पोरी, कलिंगडाचा रस मिळेल का ग कुठे? बर्फ घालून."

"मिळेल की! आत्ता आणते!" केवढा आनंद होता त्या आवाजात. फाटकाची कडी वाजली.

"गेली?" वडिलांनी विचारलं.

"गेली," लासिदेसचा आवाज.

"मग लाव."

"नुसतं नाव घे, कोंपाद्रे. तेवढं पुरे आहे. तुझी रीत तीच."

"नाही. चार वर्षं तिच्या बदलीच्या अर्जाला कुणी हात लावला नाही. वाळवंटातल्या त्या शाळेत सात तासांवर बसली होती पोर, आणि मी इथे मरायला टेकलेला. हा माणूस हो म्हणाला आणि त्यानं केलं. केलं ते केलं म्हणायला नको का?"

"आणि तिला?"

"तिला वाटतंय तिचे कागद कुणीतरी वाचले. वाटू दे."

पहिल्यांदा 'पेर्तुस'वर श्वास तुटला. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा ते स्वतःच म्हणाले, "छे, मयताला बोलतोय असं वाटतं." चौथ्या वेळी नाव आलं ते स्वच्छ, भरदार, चाळीस वर्षांपूर्वीच्या गळ्यातून आल्यासारखं. मग कडी वाजली. "पापा, बिया काढून आणलाय!"

लासिदेसनी बंद केलं.

योलिमा पुठ्ठ्यांकडे बघत बसली. बदलीचं पत्र आलं त्या संध्याकाळी तिनं फोनवर वडिलांना वाचून दाखवलं होतं, आणि ते म्हणाले होते, बघ, वाचणारा माणूस भेटला शेवटी. यादीत तिच्या वर अकरा जणी होत्या. तेव्हाही ते तिला माहीत होतं. त्यांनी अर्ज मागे घेतले असतील असं तिनं स्वतःला सांगितलं होतं, आणि कधी कुणाला विचारलं नव्हतं. ट्रक आल्यापासून जगभरावर संशय घेत फिरलेल्या बाईला एवढाच एक संशय कसा आला नाही?

"त्यांना तहान लागली होती का?" तिनं विचारलं. "खरंच?"

"लागली होती," लासिदेस म्हणाले.

ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. ते अकॉर्डियनच्या बटणांवरची धूळ बोटानं पुसत होते.

"उद्या तुला म्हणायचं ते म्हण," थोड्या वेळानं ते म्हणाले. "हवं तर हे मी आत्ता पुसून टाकतो. मग तू म्हणशील तेच खरं. तुझ्यावर कोण अविश्वास दाखवणार?"

ते बरोबर होतं. वडिलांचा आवाज मुलीला नाही कळणार तर कुणाला? तिनं आवाज खोटा म्हटला तर सलाम खोटा, वडील स्वच्छ, बदली कागद वाचणाऱ्या माणसानं केलेली. कुणाचं काही जाणार नव्हतं, पेर्तुस सोडून.

"पुसू नका," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी रेडिओच्या खोलीत हेर्नाननं तिला माइकसमोर बसवलं. गेली वीस वर्षं सकाळच्या बातम्या, हरवलेली गाढवं आणि वाढदिवस तोच सांगत आला होता. बाहेर मारित्सा गाडीतच रेडिओ लावून बसली होती.

"सेन्यो योलिमा, सगळं गाव एकच विचारतंय. तो आवाज तुमच्या वडिलांचा आहे का?"

"आहे," ती म्हणाली.

हेर्नाननं कागदावरून मान वर केली. त्याला दुसरं उत्तर सांगून ठेवलं होतं.

"आवाज त्यांचाच आहे. सलाम माझ्या बदलीच्या बदल्यात दिलेला आहे. डॉक्टर पेर्तुसनी शब्द टाकला आणि यादीतल्या अकरा जणींना मागे टाकून मी घरी आले. मला हे काल कळलं. त्या अकरा जणींची मी माफी मागते. त्यांच्यापैकी कुणी तक्रार केली तर मी साक्ष देईन, माझी जागा गेली तरी."

"म्हणजे पेर्तुसना मत देऊ नका, असं तुम्ही म्हणताय?"

"मत कुणाला द्यायचं ते मी सांगत नाही. तो सलाम कशाचा होता, तेवढं सांगते. ऐकणाऱ्यांनी ठरवावं."

तिला वाटलं, झालं. वडिलांचं नाव गेलं, तिचं गेलं, पण त्या माणसाचंही गेलं. बाहेर गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मारित्सा निघाली होती, आणि ती हसत गेली की शिव्या देत, हे काचेतून कळत नव्हतं.

फोनचा लाल दिवा लागला. डोंगराकडच्या वस्तीवरून एक बाई बोलत होती.

"सेन्यो, तुमच्या पापांना देव शांती देवो. मोठा माणूस होता. एक विचारू का, रागावणार नाही ना?"

"विचारा."

"पेर्तुस हो म्हणाले, त्यानंतर बदली किती दिवसांत झाली?"

पत्राची तारीख योलिमाला पाठ होती. वडिलांना पेर्तुसकडे नेणाऱ्या लासिदेसनी त्या भेटीचा दिवसही काल सांगितला होता. दिवसांऐवजी महिने म्हणावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं. तो एक शब्द बदलला असता तर बरंच काही बदललं असतं.

"नऊ दिवस," ती म्हणाली.

"नऊ!" बाई कुणाला तरी सांगायला वळली. "ऐकलंस? नऊ दिवस म्हणे." मग पुन्हा फोनमध्ये, "माझी मुलगी नर्स आहे, सेन्यो. सहा वर्षं वर डोंगरातच आहे. बाळ झालं तरी खाली येऊ देईनात. त्या पेर्तुसची कचेरी सकाळी किती वाजता उघडते हो?"

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, सगळ्याच फोनचे दिवे लागले होते.

कचेरी कधी उघडते ते योलिमाला माहीत नव्हतं. हेर्नानला माहीत होतं. त्यानं सांगितलं.