महाबळेश्वरची छागल

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे, आणि गोड गोड बोलणं मला जमत नाही. इतर जुन्या वस्तू तुम्हाला डोळे पुसत गोष्ट सांगत असतील. मी तशी नाही. माझ्या पोटात आता पाणी राहत नाही, राग मात्र काठोकाठ आहे. तो आज मी ओतणार आहे.

छागल म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, वर तोंड, त्याला बूच आणि टांगायला दोरी. पाणी भरलं की माझं अंग ओलं होतं, त्याला वारा लागला की आतलं पाणी गार पडतं. पण मला आधी चांगलं भिजवावं लागतं. भिजल्यावर माझे धागे फुगतात, विणीची भोकं बुजतात. कोरडी टांगून ठेवली तर मी गळते. एवढं लक्षात ठेवा.

मला नांदेडच्या एका तंबू शिवणाऱ्यानं शिवलं. पंचशीलाबाईंनी मला विकत घेतलं, तेव्हा लातूरचा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. बाई तिथल्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे यजमान रामकिशन कंधारहून बदली होऊन नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून आले होते. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. घरात तिसरी रामकिशनची आई, भामाबाई. ती मुखेडकडच्या एका खेड्यातली. माझी खरी मालकीण तीच.

भामाबाईला महाबळेश्वरचं तळं पाहायचं होतं. सुनेच्या शाळेतलं कॅलेंडर घरी आलं, त्यावर त्या तळ्याचं चित्र होतं. म्हातारी ते चित्र तास तास पाहत बसायची.

"पंची, एवढं पाणी, अन् काठाला राखण करायला कोणीच न्हाई?"

"कशाची राखण आत्या? तळं हाय ते. कोणी बी जावं."

"अन् हात घालू देतात?"

तरुणपणी भामाबाई गावच्या आडाखाली घागर घेऊन उभी राहायची. आडाला शिवायची तिला बंदी होती. आडावरच्या बाईला दया आली तर ती उंचावरून पाणी ओतायची, घागरीत, नाहीतर ओंजळीत. कधी दुपारपर्यंत दया यायची नाही. पुढे छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली, वस्तीनं आपला आड खोदला, आणि भामाबाईनं तिथं उभं राहणं सोडलं. पण तो आड चैतातच आटायचा. भरलेल्या पाण्यात आपल्या हातानं हात घालावा, एवढीच तिची हौस. मागितलं होतं काय तिनं, सोन्याचं ताट?

मग बेत ठरला. सरकार नोकरदाराला चार वर्षांतून एकदा घरच्यांसह फिरायला जायची सवलत देतं. त्या सवलतीवर मे महिन्यात जायचं. रोज जेवणं झाली की तिघं बेत करत बसायची. सोलापूरला गाडी बदलायची, मग साताऱ्याला. धपाटे किती, शेंगाची चटणी किती. थंडी असते म्हणून शेजारणीचं स्वेटर. वाटेत पाणी पाहिजे म्हणून मी. आणि इथंच माझं नशीब फुटलं.

"हिला वापरायची न्हाई," भामाबाई म्हणाली. "ही महाबळेश्वरची हाय." आणि तिनं मला फडक्यात गुंडाळून खिळ्याला टांगलं.

पहिल्या मे महिन्यात साहेबांनी रजा दिली नाही. म्हणे जिल्हा नवा आहे, फायलींचे ढीग पडलेत. दुसऱ्या वर्षी साहेब रजेवर, म्हणून रामकिशनला रजा नाही. तिसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. सगळ्यांच्या रजा बंद झाल्या आणि रामकिशन टँकरच्या याद्या लिहीत बसला. दर खेपेला त्याचं एकच बोलणं.

"माय, औंदा न्हाई तर पुढल्या साली जाऊ की."

डोंबल तुझं पुढलं साल! पंचशीलाबाईंना मे महिन्यात सुट्टीच होती. दोघी बायका कधीही एस्टीत बसल्या असत्या. पण नाही. सवलत मंजूर झाली पाहिजे, साहेबांची सही पाहिजे, आणि न्यायला पुरुष पाहिजे. इतकी शिकलेली माणसं, पण कागदाची वाट पाहत बसली. त्या दुष्काळात घरातली भांडी पाण्याला पुरत नव्हती, चहाच्या किटलीत सुद्धा पाणी भरून ठेवलं होतं. आणि मी पाण्याची पिशवी असून कोरडी ठणठणीत खिळ्याला! मी भामाबाईवर सुद्धा चिडले होते, लपवत नाही.

मग त्याच उन्हाळ्यात दारात जीप थांबली. कचेरीचा ड्रायव्हर बसवंत आत आला.

"रामकिशनभाऊ, साहेबांची महाबळेश्वरला बैठक हाय. बाईसाहेब अन् लेकरं बी चालले. जीपला छागल लावायचीय, साहेब म्हणले तुमच्या घरी नवीकोरी हाय."

बैठक! लेकराबाळांसकट बैठक! ज्यानं रजा बंद केल्या त्याचीच! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आता रामकिशन काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. तो काय बोलतो? त्यानं खाली मान घालून मला खिळ्यावरून काढलं. भामाबाई टँकरच्या रांगेत होती. दारात पंचशीलाबाई तेवढ्या म्हणाल्या, "बसवंतभाऊ, आत्यांची हाय ती. त्यांना तळं पाहायचं व्हतं. तीन साल झाले, वाट पाहून राहिल्या." बसवंतचा चेहरा पडला. पण हुकूम तो हुकूम.

तीन वर्षांची कोरडी मी. कुणी भिजवलं नाही, तसंच पाणी भरलं. तुळजापूर येईस्तोवर मी अर्धी रिकामी झाले. "कसली दळभद्री छागल दिली त्या कारकुनानं!" बाईसाहेब म्हणाल्या. मला तोंड असतं तर सांगितलं असतं. पण बसवंत जाणता होता. जिथं पाणी मिळालं तिथं तो मला भिजवत गेला आणि दुसऱ्या दिवशी मी घट्ट झाले.

मित्रांनो, ते तळं मी पाहिलं. चारी बाजूंनी हिरवी झाडी आणि पाणीच पाणी. साहेबांची लेकरं नावेत बसून हातानं पाणी उडवत होती, खिदळत होती. लेकरांचा काय दोष? पण मी जीपच्या पुढं लटकले होते आणि तिकडं लातूरला माझी मालकीण एका घागरीसाठी रांगेत उभी होती. ते तळं बघून मला जराही आनंद झाला नाही.

निघताना बसवंतनं मला त्या तळ्याच्या पाण्यानं भरलं. आख्ख्या वाटेत माझ्या बुचाला त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. बाईसाहेबांना म्हणाला, हे पाणी इंजिनासाठी आहे. मी जीव खाऊन ते पाणी धरून ठेवलं. मे महिन्याचं ऊन माझ्या अंगावरून ते शोषून घेत होतं. घरी पोचले तेव्हा पोटात तांब्याभर उरलं होतं.

"मावशी," बसवंत भामाबाईला म्हणाला, "महाबळेश्वरच्या तळ्याचं पाणी आणलंय तुमच्यासाठी. घ्या, हात करा."

त्यानं मला वर उचललं. भामाबाई सवयीनं वाकली, ओंजळ पुढं केली. पहिला थेंब पडला मात्र, तिनं दोन्ही हात झटकन मागं घेतले.

"न्हाई," ती म्हणाली. "तू भला माणूस हायस लेकरा, तुझ्यावर राग न्हाई. पण वरून ओतलेलं लई पिले मी. आता न्हाई प्यायची."

मग ती रामकिशनकडं वळली. तो मान खाली घालून उभा होता.

"माझी छागल गेली. मी ज्याची वाट पाहून राहिले ते तिनं पाहिलं. अन् तू माझ्याच खिळ्यावरून काढून दिलीस तिला. तुझी सवलत तुझ्यापाशीच ठेव. पंची, ऊठ. धपाटे कर."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीत दोघी बसल्या. मी भामाबाईच्या मांडीवर. पत्ता कुणाला विचारायची गरजच नव्हती, पंचशीलाबाईंना तीन वर्षांत सगळा बेत पाठ झाला होता.

तळ्याच्या काठाला भामाबाई थांबली. आधी तिनं मागं वळून पाहिलं, मग दोन्ही बाजूंना. भुट्टेवाला भुट्टे भाजत होता. कुणी तिच्याकडं पाहत नव्हतं. तिनं लुगडं सावरलं, खाली बसली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. ओंजळ भरून घेतली, प्याली. मला वाटलं, आता म्हातारी हसेल.

ती रडायला लागली. रागानं.

"एवढंच व्हतं व्हय गं पंची? हात घालायचा अन् प्यायचं? एवढ्याशा गोष्टीसाठी माझं आख्खं वय घालवलं की गं यांनी!"

पंचशीलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग भामाबाईनं मला पाण्यात दाबून धरलं आणि स्वतः भरलं. लातूरला आल्यावर तिनं घरातला तो खिळा उपटला आणि बाहेर दाराच्या चौकटीला ठोकला. त्यावर मी. रोज रांगेतून आणलेल्या पाण्यातलं थोडं माझ्यात असायचं. टँकरवाला, भाजीवाली, शाळेतली लेकरं, ज्याला तहान लागेल तो यायचा. कुणी ओंजळ पुढं केली की भामाबाई ओरडायची, "ओंजळ कशाला करतोस? हात हायेत न्हवं तुला? काढ छागल, घे हातात, अन् पी!"

भामाबाई आता नाही. मीसुद्धा तळाशी फाटले आहे आणि गेली कित्येक वर्षं माळ्यावर पडून आहे. मित्रांनो, घरात माझ्यासारखी कुणी सापडली तर तिला जपून ठेवू नका. शिवा, भिजवा, भरा आणि दारात टांगा. आणि दारात कुणी तहानेला आला, तर त्याला वरून ओतून पाणी देऊ नका. ती छागलच त्याच्या हातात द्या.